नवं सॉफ्टवेअर टाकलं की मराठी अक्षरं का मोडतात, आणि ती परत कशी जुळवायची

तक्रार दर वेळी तीच असते, फोन करणारा माणूस तेवढा बदलतो. देवस्थानच्या कार्यालयात नवा संगणक येतो, शाळेत ऑफिसची नवी आवृत्ती पडते, छापखान्यात डिझाइनचं पॅकेज अपडेट होतं. दुसऱ्या दिवशी उत्सवाची पत्रिका उघडावी तर अक्षरांच्या जागी चौकोन, नाहीतर वेलांटी भलत्याच अक्षरापाशी, नाहीतर सगळा मजकूर रोमन खिचडीसारखा. मग प्रश्न येतो, "फाइल खराब झाली हो, व्हायरस असेल का?"

बहुतेक वेळा व्हायरस नसतो, आणि फाइलही खराब झालेली नसते. फाइलीतला मजकूर, तो दाखवणारा फॉन्ट, अक्षरं जोडणारं यंत्र आणि तुमचा कीबोर्ड या चार वेगळ्या गोष्टी आहेत. नवं सॉफ्टवेअर आलं की यातली एखादीच बदलते, पण पडद्यावर सगळंच उद्ध्वस्त झाल्यासारखं दिसतं. कुठली बदलली ते ओळखता आलं की निम्मं काम झालं.

गोव्यात हा त्रास जरा जास्तच. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. त्यामुळे एकाच टेबलावर मराठी नोटीस, कोकणी पत्र आणि इंग्रजी हिशेब असे तिन्ही कागद असतात, कधी कधी एकाच फाइलीत. त्यात महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, याद्या, जुने अहवाल, नाटकांच्या संहिता युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत पडलेल्या. नवं सॉफ्टवेअर या सगळ्याला एकदम हात घालतं.

सगळ्यांत आधी: सेव्ह करू नका

मोडकी फाइल दिसली की लोक तिच्यातच खटपट करतात, दोन अक्षरं दुरुस्त करतात आणि सवयीनं सेव्ह दाबतात. खरं नुकसान तिथं होतं. पडद्यावर चुकीचं दिसणं आणि फाइलीत चुकीचं लिहिलं जाणं यांच्यामध्ये ते एक बटण असतं. फाइल न सेव्ह करता बंद करा, तिची प्रत काढा, प्रतीला वेगळं नाव द्या. पुढचं सगळं त्या प्रतीवर.

अक्षर नीट बघा, दुखणं तेच सांगतं

रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर सुखरूप आहे, फॉन्ट नाही. हा सगळ्यांत सोपा प्रकार.

यातलं एक नेहमीचं कारण माहीत असलेलं बरं. विंडोज १० पासून 'मंगल' हा फॉन्ट सरसकट मिळत नाही. 'कोकिळा', 'अपराजिता', 'उत्साह' यांच्यासोबत तो 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' नावाच्या वेगळ्या गाठोड्यात गेला, आणि विंडोज आपला देवनागरी मजकूर 'निर्मला यूआय'मध्ये दाखवतं. त्यामुळे 'मंगल'मध्ये बांधलेला अहवाल कोऱ्या संगणकावर उघडला की चौकोन दिसले नाहीत तरी ओळी सरकतात, पानं वाढतात, तक्ते फाटतात. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' उघडून हे गाठोडं टाकलं की अहवाल जागेवर येतो. त्यासाठी इंटरनेट लागतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं कारण त्याहून चकवणारं. फॉन्टच्या फाइलीवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबलं तर आताच्या विंडोजमध्ये तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो. संध्याकाळी दुसरा कारकून त्याच्या नावानं लॉगिन करतो तेव्हा त्याला फॉन्ट दिसत नाही, आणि काही जुन्या प्रोग्रामांत तर तो पहिल्यालाही दिसत नाही. फॉन्टवर उजवं क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. "माझ्याकडे दिसतं, त्याच्याकडे दिसत नाही" या वादाचं मूळ पुष्कळदा इथंच सापडतं.

वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, 'क्त'चा 'क्' आणि 'त' सुटे दिसतात, रफार डोक्यावर न चढता हलन्त 'र' होऊन बसतो, असं असेल तर फॉन्ट आहे आणि मजकूरही ठीक आहे. अक्षरं जोडणारं यंत्र बंद आहे. छापखान्यांतला हा ठरलेला आजार. इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये परिच्छेदाच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' नावाचा पर्याय असतो. तो निवडल्याशिवाय देवनागरी जुळत नाही. फोटोशॉपमध्येही याच धर्तीचा पर्याय आहे. गोम अशी, की ही निवड परिच्छेदाला चिकटलेली असते. नव्या आवृत्तीत तुम्ही ती चालू केली तरी गेल्या वर्षीची पत्रिका साचा म्हणून उघडलीत की तिच्यातले जुने परिच्छेद जुनाच कंपोझर घेऊन येतात. म्हणून "परवा दुरुस्त केलं होतं, आज परत मोडलं" असं वाटतं. साच्याची फाइल एकदा उघडून सगळा मजकूर निवडा, कंपोझर बदला आणि तो साचा नव्यानं जतन करा. शिवाय एकही फाइल उघडी नसताना तो पर्याय निवडलात तर पुढच्या कोऱ्या फाइली आपोआप त्याच कंपोझरनं सुरू होतील.

लिबरऑफिसची गोष्ट वेगळी. ५.३ या आवृत्तीपासून (२०१७) तिथं सगळ्या प्लॅटफॉर्मवर हार्फबझ हेच जोडणी यंत्र आलं, त्यामुळे जोडाक्षरं क्वचितच बिघडतात. तिथं अडतं ते दुसरीकडे: देवनागरीला तो 'सीटीएल' फॉन्ट म्हणतो आणि रोमनचा फॉन्ट वेगळा ठेवतो. साचा बनवताना रोमनचा फॉन्ट बदलून मराठीला काहीच होत नाही म्हणून वैतागू नका. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लँग्वेजेस' इथं 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर मराठी किंवा कोकणी निवडा, मग दोन्हींचे फॉन्ट वेगवेगळे दिसायला लागतात.

मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसतंय? मग मजकुरातच क्रम चुकला आहे. मात्रेला बसायला अक्षर मिळालेलं नाही. एकावर एक दोन मात्रा पडलेल्या असतात, किंवा टाइपरायटरच्या सवयीनं कोणीतरी वेलांटी आधी दाबलेली असते. कुठल्याही सेटिंगनं हे सुधारत नाही, हातानंच काढावं लागतं.

आणि सलग प्रश्नचिन्हं दिसली तर वाईट बातमी आहे. ती दिसण्यातली चूक नव्हे. कोणीतरी मराठी मजकूर अशा स्वरूपात जतन केला की त्यात देवनागरीला जागाच नव्हती, आणि प्रत्येक अक्षराऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. मूळ अक्षर त्या फाइलीत आता नाही. कुठलाही फॉन्ट, कुठलाही कन्व्हर्टर ते परत आणणार नाही. थेट बॅकअपकडे वळा. 'मजकूर परत मिळवून देतो' म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढं जा.

एक्सेल आणि यादी

प्रश्नचिन्हांचा हा घोळ सर्वांत जास्त सीएसव्ही फाइलींत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या याद्यांत, होतो. कुठल्या तरी ऑनलाइन अर्जातून सभासदांची यादी उतरवली, डबल क्लिक केलं, एक्सेल उघडलं आणि नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या छोट्या रोमन 'ए'ची रांग दिसली. प्रत्येक मराठी अक्षरामागे तोच 'ए' पुन्हा पुन्हा दिसणं ही यूटीएफ-८ ची (युनिकोड मजकूर फाइलीत लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीची) सही आहे: फाइल बरोबर आहे, एक्सेलनं ती पाश्चात्त्य लिपीची समजून वाचली.

बंद करा. कोरी शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ हा क्रमांक, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. नावं लख्ख दिसतील.

परत जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडायचा. त्याच्या शेजारचा साधा 'सीएसव्ही' निवडलात तर वर सांगितलेली प्रश्नचिन्हं पक्की. एक्सेल जाता जाता एक सूचना दाखवतं, पण ती कोणी वाचत नाही. महाजनांची यादी एकदा अशी गेली की सभेच्या नोटिसा कोणाला पाठवायच्या हे विचारत गावभर फिरावं लागतं. मूळ यादी नेहमी एक्सेलच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवा, सीएसव्ही फक्त देवाणघेवाणीपुरती.

जुने फॉन्ट: सर्वांत मोठं दुखणं

आता खऱ्या मुद्द्याकडे. मजकूर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असा विचित्र दिसत असेल, आणि तो वर सांगितलेला 'ए' नसेल, तर ती फाइल बहुधा युनिकोडच्या आधीच्या काळातली आहे. श्री-लिपी, आयएसएमचे डीव्हीबी-टीटी सुरेखसारखे फॉन्ट, कृतीदेव या घराण्यांत संगणकाला मराठी ठाऊकच नसतं. फाइलीत रोमन अक्षरंच लिहिलेली असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. दशावतारातल्या नटासारखं आहे हे: रंग उतरवला की आतला माणूस वेगळाच. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल तर आतली रोमन अक्षरं उघडी पडतात.

फाइल कुठल्या जातीची आहे हे कळायला एक झटपट चाचणी आहे. प्रतीमधला एक परिच्छेद निवडा आणि त्याला 'एरियल' फॉन्ट द्या. मराठी तशीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे. रोमन बाहेर आलं तर जुना फॉन्ट आहे. मग ती निवड मागं घ्या आणि वर फॉन्टच्या चौकटीत कुठलं नाव आहे ते टिपून ठेवा, कारण जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर निवडताना तेच लागतं. प्रत्येक घराण्याचा नकाशा वेगळा. सुरेखचा मजकूर कृतीदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर एक कचरा जाऊन दुसरा येतो.

तातडीचा उपाय म्हणजे जुना फॉन्ट नव्या संगणकावर रीतसर टाकणं. तुमच्याकडे त्याचा परवाना असेल तर काम त्याच दिवशी सुरू होतं. पण एवढ्यावर थांबलात तर पुढच्या अपडेटला परत इथंच याल, आणि त्याची दोन कारणं तर अशी आहेत की फॉन्ट असूनही मजकूर बिघडतो.

पहिलं कारण ऑटोकरेक्ट. ऑफिस नव्यानं टाकलं की वाक्यातलं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करणं, एकटा छोटा 'आय' मोठा करणं, सरळ अवतरणचिन्हं वळणदार करणं, हे सगळं चालू अवस्थेत येतं. इंग्रजीसाठी सोय, जुन्या मराठी फॉन्टमध्ये मात्र छोटं आणि मोठं रोमन अक्षर म्हणजे दोन वेगळे देवनागरी तुकडे. तुम्ही 'स' दाबता आणि पूर्णविरामानंतर भलतंच काही उमटतं. वाक्याच्या सुरुवातीलाच अक्षर बदलतंय, मधे कधीच नाही, असं दिसलं तर दुसरीकडे शोधू नका. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'प्रूफिंग', 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' इथं जाऊन ती चारपाच खुणा काढा. जुन्या संगणकावर कोणीतरी त्या कधीच काढून ठेवलेल्या असतात आणि सगळे ते विसरलेले असतात.

दुसरं कारण विंडोजमधलं. 'रीजन'च्या 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबमध्ये, 'चेंज सिस्टिम लोकेल' दाबल्यावर, 'बीटा' असं लिहिलेली एक खूण असते: जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा. नाव वाचून कोणालाही वाटेल की मराठीसाठी हेच हवं. उलट आहे. युनिकोड मराठीला तिची गरज नाही, आणि जुन्या फॉन्टांवर चालणारे जुने प्रोग्राम ती चालू केली की निम्मी अक्षरं गमावतात, कारण त्यांचे बरेच तुकडे साध्या रोमनच्या पलीकडच्या जागांवर बसलेले असतात. जुना प्रोग्राम अचानक बिघडला तर ही खूण तपासा. असेल तर काढून संगणक परत सुरू करा.

कायमचा उपाय म्हणजे रूपांतर. ते एका बैठकीत होत नाही, आणि कन्व्हर्टर काय म्हणतो यावर विश्वास ठेवून तर मुळीच नाही. मिश्र फाइल असेल तर आधी इंग्रजी भाग बाजूला काढा, नाहीतर बँकेचं नाव, ईमेलचे पत्ते सगळं 'मराठी' होऊन बाहेर पडतं. वर्डमध्ये 'फाइंड'च्या चौकटीत फॉन्टचं नाव घालून फक्त त्या फॉन्टमधला मजकूर निवडता येतो. त्याचा इथं फार उपयोग. रूपांतर झाल्यावर रफार कुठल्या अक्षरावर बसला ते बघा, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' बघा, 'ट्ट', 'द्ध', 'ह्म' बघा, कंस आणि अवतरणं बघा. आकड्यांकडे सर्वांत शेवटी लक्ष जातं आणि सर्वांत जास्त नुकसान तेच करतात. देणगीच्या यादीत एखादा आकडा बदलला तर तो वाचून कोणाला कळणार नाही. म्हणून प्रत्येक रकान्याची बेरीज जुन्या छापील कागदाशी ताडून बघायची.

'ॲ' आणि 'ऱ'ची गुपचूप खोडी

काही बिघाड दिसतच नाहीत. 'ॲड.' असं शोधलं तर यादीतले निम्मेच वकील सापडतात, बाकीचे समोर दिसत असूनही संगणक म्हणतो नाहीत. कारण 'ॲ' दोन प्रकारे लिहिला जातो. ०९७२ क्रमांकाचा स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आला. त्याआधी 'अ' लिहून त्यावर चंद्र ठेवायचे, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच देतात. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाच्या लेखी वेगळे शब्द.

वर्डमध्ये अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून 'ऑल्ट' आणि 'एक्स' एकत्र दाबा. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक उमटतो. परत तेच दाबलं की अक्षर परत येतं. ०९७२ आला तर नवा 'ॲ', ०९४५ आला तर जुन्या पद्धतीचा. सगळीकडे नवा करून टाका, 'रिप्लेस ऑल'नं दोन मिनिटांचं काम.

'ऱ्य'चंही तसंच. 'ऱ' (०९३१), हलन्त आणि 'य' हा सरळ मार्ग. साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह (२००डी) हा दुसरा. काही सॉफ्टवेअर मजकूर 'स्वच्छ' करताना न दिसणारी चिन्हं उडवून टाकतात, आणि मग 'सुर्‍या'चा 'सुर्या' होतो. पहिल्या मार्गानं लिहिलेल्या शब्दाला ती भीती नाही. इनस्क्रिप्ट या सरकारमान्य कीबोर्डवर 'ऱ' शिफ्ट आणि 'जे' या कळीवर आहे, तेवढी सवय लावली की झालं. फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन कळा दाबायच्या) कीबोर्डवर ज्याची त्याची तऱ्हा. विंडोज १० मध्ये २०१९ साली मराठी फोनेटिक कीबोर्ड आला, तो वापरत असाल तर तुमचा 'ऱ्य' वरच्या पद्धतीनं एकदा तपासून घ्या.

फाइलींची नावं देवनागरीत ठेवायची हौस मला समजते, पण संगणक बदलताना 'ऱ' असलेली नावं दगा देऊ शकतात, कारण युनिकोडच्या नियमांनुसार 'ऱ'चे 'र' आणि नुक्ता (खालचा ठिपका) असे दोन तुकडे करायला परवानगी आहे आणि काही यंत्रणा ते करतात. नावं साधी ठेवा. आत हवं तेवढं शुद्धलेखन करा.

नवं सॉफ्टवेअर आलं की आधी ही ओळ चालवा

वरची सगळी डोकेदुखी वाचवायची तर नवी आवृत्ती कामाला जुंपण्याआधी तिची परीक्षा घ्यायची. त्यासाठी मी एक ठरलेला परिच्छेद ठेवतो, तुम्हीही घ्या:

"म्हार्दोळच्या उत्सवाला कुंकळ्ळीहून आलेल्या ॲडव्होकेट मंडळींनी ऱ्हस्व-दीर्घ तपासून वाङ्मयाची पत्रिका छापली, दऱ्याखोऱ्यांतल्या श्रद्धाळू भक्तांना ती १२ ऑक्टोबरला मिळाली, किंमत ₹ ५०. म्हजें घर गोंयांत आसा."

अर्थाकडे जाऊ नका, अक्षरांकडे बघा. म्हार्दोळमध्ये रफार आणि 'ळ'. कुंकळ्ळीत 'ळ'ला 'ळ' जोडलेला, आणि ही जोडणी हिंदीपुरते बनवलेले फॉन्ट हमखास चुकवतात. गोव्याच्या गावांची नावं या कामाला फार गुणी. 'वाङ्मय' बऱ्याच फॉन्टांत 'ङ'पाशी तुटतं. रुपयाचं चिन्ह २०१० चं, जुन्या फॉन्टांत नसतंच. शेवटचं कोकणी वाक्य मात्रेवरच्या अनुस्वारासाठी: 'जें' आणि 'गों'मध्ये मात्रा आणि ठिपका एकमेकांवर चढतात का ते बघायचं. मराठीपुरतं तपासून कोकणी पत्रकात फसलेले पुष्कळ आहेत.

हा परिच्छेद नुसता पडद्यावर बघून उपयोग नाही. तो छापा. त्याची पीडीएफ करा आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडा. पीडीएफच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉन्ट्स' टॅबवर प्रत्येक फॉन्टपुढे 'एम्बेडेड', म्हणजे फॉन्ट पीडीएफच्या आतच आहे, असं लिहिलंय का पाहा. नसेल तर म्हापशाच्या छापखान्यात तुमची पत्रिका त्यांच्या फॉन्टमध्ये छापली जाईल. पीडीएफ छान दिसते म्हणून मूळ फाइल मात्र पुसू नका. पीडीएफमधून मराठी मजकूर परत कॉपी केला की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, हे जवळजवळ ठरलेलं.

मग शोध आणि क्रम. दहाबारा आडनावांची यादी करून ती अकारविल्हे लावा. जो प्रोग्राम नुसते युनिकोड क्रमांक बघून क्रम लावतो, तो 'ॲ'ला 'ह'च्याही नंतर टाकतो, 'ळ'ला 'ल' आणि 'व'च्या मधे बसवतो आणि 'क्ष'ला 'क'मध्ये कोंबतो. मराठीच्या रीतीनं 'ळ' 'ह'नंतर, 'क्ष' आणि 'ज्ञ' अगदी शेवटी. महाजनांच्या यादीत क्रमावरून रुसवेफुगवे होतात, तेव्हा हे आधी बघितलेलं बरं. मजकुराची भाषा 'हिंदी' पडली असेल तर काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. भाषा 'मराठी' केली की आपल्या वळणाचे. फॉन्टमध्ये ती सोय असावी लागते, नोटो सान्स देवनागरीत आहे.

शेवटी ये-जा. नव्या प्रोग्राममधून फाइल जुन्यात न्या, परत आणा, फरक बघा.

कुठं तपासायचं

विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'विंडोज सँडबॉक्स' मिळतो, २०१९ पासून. आत काहीही टाका, खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. चाचणीसाठी याच्यापेक्षा स्वस्त सोय नाही. होम आवृत्तीत तो नाही; तिथं व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) किंवा कोपऱ्यात पडलेला जुना लॅपटॉप. बहुतेक मंडळांकडे एकच संगणक असतो. मग निदान रिस्टोअर पॉइंट करून घ्या, पण तो प्रोग्राम आणि सेटिंग्ज मागं नेतो, तुमच्या फाइली सांभाळत नाही. त्या वेगळ्या पेनड्राइव्हवर. विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर पसंत पडली नाही तर 'गो बॅक' करायला साधारण दहा दिवस मिळतात, त्यानंतर तो रस्ता बंद.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अकरावर जायची घाई सगळीकडे आहे. ठीक आहे, जा. पण श्रावणात जाऊ नका. चतुर्थीच्या पत्रिका, आरत्यांची पुस्तकं, भजनाचे कार्यक्रम सगळं त्याच काळात छापायला येतं, आणि पावसात विजेचा भरवसा नसतो. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर फॉन्टचा प्रश्न बाजूलाच राहतो. 'पॉज अपडेट्स' दाबून काही आठवडे ढकला, चतुर्थी पार पडू द्या, मग यूपीएस जोडून करा.

इतकं करूनही अडलं आणि कोणाला विचारायचं झालं, तर "मराठी दिसत नाही" एवढंच लिहू नका. प्रोग्रामचं नाव आणि आवृत्ती, फॉन्टचं नाव, चौकोन की प्रश्नचिन्हं की उलटी वेलांटी, आणि त्याआधी काय बदललं, एवढं सांगा. एक स्क्रीनशॉट आणि एका ओळीची नमुना फाइल जोडा, शक्यतो वरच्या परिच्छेदाचीच. देवस्थानची अख्खी यादी फोन नंबरांसकट व्हॉट्सॲपवर टाकून "बघ जरा" म्हणणारे आहेत; तसं करू नका, ओळभर मजकुरावरूनही दुखणं कळतं.